मनातल्या मनात वाचावे

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या आमच्या पाइन नेक गावात माणूस गेला, की बातमी आधी अंत्यविधीवाल्याकडे जायची आणि तिथून मिस झेल्फिया गॅड्सडेनकडे. अंत्यविधीवाला गेलेल्याचे केस, कपडे आणि चेहरा नीटनेटका करायचा. मिस झेल्फिया त्याचं आयुष्य नीटनेटकं करायची. अंत्यविधीच्या पत्रिकेच्या घडीच्या चार पानांत ती सगळं बसवायची. वर फोटो, आत कोणती भजनं, प्रार्थना कोण करणार, आणि डाव्या पानावर जीवनचरित्र: जन्म कुठला, आईबाप कोण, काय काम केलं, मागे कोण कोण उरलं. त्याखाली माउंट नीबो चर्चच्या जुन्या रिवाजाप्रमाणे एक ओळ असायची, 'मनातल्या मनात वाचावे'. मग पियानोवर हळू काहीतरी वाजायचं, सगळं चर्च मान खाली घालून तो कागद वाचायचं, आणि ज्याला जे जास्तीचं ठाऊक असेल ते तो आपल्यापाशीच ठेवायचा.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट लिहायचं नसतं, आणि या कामात मिस झेल्फियाचा हात धरणारं कोणी नव्हतं. दारुडा तिच्या कागदावर 'मित्रांत रमणारा' व्हायचा, आणि आयुष्यभर शेजाऱ्यांशी भांडलेली बाई 'परखड'. "झेल्फियाच्या टाइपरायटरखालून गेला की सैतानसुद्धा रविवारच्या शाळेचा मास्तर होऊन निघेल," असं लोक म्हणायचे. तिला ते ऐकून बरं वाटायचं. खोटं कशाला बोला.

एरवी ती शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. सकाळी साडेपाचला भट्टी पेटवायची, मक्याचे पाव भाजायचे, दुपारी तीनशे पोरांच्या ताटात वाढायचं. लग्न केलं नाही. तिचा टाइपरायटर आमच्या जुन्या शाळेतला. गोऱ्यांची आणि आमची काळ्यांची शाळा सत्तर साली एक झाली, तेव्हा 'एक झाली' याचा अर्थ असा निघाला की आमची बंद झाली, आणि तिच्यातल्या बक्षिसाच्या ढाली, फोटो, वह्या कचऱ्याच्या गाडीत गेल्या. मिस झेल्फियाने गाडीवर चढून टाइपरायटर तेवढा उतरवून घेतला. ज्या यंत्रावर ती टायपिंग शिकली तेच ते. त्यावर छापलेल्या प्रत्येक अंत्यविधीपत्रिकेची एक प्रत ती बुटांच्या खोक्यात ठेवायची. अशी अकरा खोकी तिच्या पलंगाखाली होती.

मुलांच्या पुस्तकाचा उद्योग या खोक्यांमधूनच निघाला. रविवारच्या शाळेत सातआठ वर्षांची पोरं तिच्याकडे असायची. गावच्या वाचनालयात आमच्या लोकांच्या इतिहासाची मुलांसाठीची चार पुस्तकं होती, नाही असं नाही. दर फेब्रुवारीत, म्हणजे आमच्या इतिहासाच्या महिन्यात, ती दर्शनी टेबलावर मांडली जायची आणि मार्चच्या एक तारखेला परत कपाटात. त्यांत तीच पाचसहा थोर माणसं, तेच गुळगुळीत चेहरे, दर वर्षी. नव्वद साली ओनीका नावाच्या आठ वर्षांच्या पोरीने ती चारी पुस्तकं वाचून मिस झेल्फियाच्या मांडीवर आणून ठेवली.

"ही सगळी माणसं लांबची का असतात? आपल्याकडे काही झालंच नाही?"

"तुला काय झालेलं हवंय?"

"कुणीतरी काहीतरी केलेलं."

त्या संध्याकाळी मिस झेल्फियाने पलंगाखालची खोकी ओढली. चारशे बाळंतपणं करून एकही बाळ न गमावलेली सुईण तिथे होती. चर्चच्या विटा स्वतः भाजणारा गवंडी होता. दिवसभर कापूस वेचून कंदिलाखाली म्हाताऱ्यांना सही करायला शिकवणारी बाई होती. सगळी आपापल्या घडीच्या कागदात गप्प पडली होती. तिने त्यांची चरित्रं मुलांना कळतील अशा छोट्या वाक्यांत लिहिली, प्रत्येक मुलाला एक माणूस दिला आणि चित्र काढायला सांगितलं. मग स्टेन्सिल कापलं, सायक्लोस्टाइलवर प्रती काढल्या, दोऱ्याने शिवल्या. फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी मुलांनी पुढे उभं राहून एकेक पान वाचलं. मोठ्याने. आपली पणजी पुस्तकात आहे हे ऐकून एक सहा फुटी बाप्या रुमालात तोंड लपवून रडला. पुढच्या वर्षी दुसरं पुस्तक निघालं, आणि ब्याण्णव साली तिसरं ठरलं. ते अर्जाचं.

अर्जाची गोष्ट पाइन नेकमध्ये सगळ्यांना माहीत होती आणि कुणीच सांगत नव्हतं. पंचावन्न सालच्या शरदात एकोणतीस आईबापांनी एका कागदावर सह्या केल्या: आमच्या मुलांना गोऱ्यांच्याच शाळेत घ्या, त्यांच्याच बसमध्ये बसवा. वर्तमानपत्राने सगळी नावं पत्त्यांसकट छापली, आणि पुढे काय झालं ते सांगायला नको. कुणाची नोकरी गेली, कुणाला घर सोडावं लागलं. सही केलेल्या लेमुएल फ्रेझरचा कापूस जिनिंगवाल्याने घेतला नाही. दुसऱ्या खेपेलाही नाही, पुढच्या गावातल्यानेही नाही. तो कापूस खोपटात सडला. लेमुएल कामासाठी लांब उत्तरेत नूअर्कला गेला आणि तिसऱ्या हिवाळ्यात आगगाडीच्या मालडब्यातून पेटीत परत आला. त्याची बायको हेस्टर तेव्हापासून इथेच, लोकांचे कपडे धुऊन तीन मुलगे वाढवलेली. आता ती सहाऐंशी वर्षांची होती, चर्चमधल्या वडीलधाऱ्या बायकांत पांढरा पोशाख घालून पुढे बसायची, आणि सगळे तिला मदर हेस्टर म्हणायचे.

आणि त्या अर्जावर पहिली सही होती चर्चचे कारभारी, डीकन रूबेन गॅड्सडेन यांची. मिस झेल्फियाचे वडील. चौऱ्याहत्तर साली ते गेले तेव्हा तिने स्वतः टाइप केलं होतं: 'आपल्या लेकरांच्या शिक्षणासाठी सर्वांत आधी सही करण्याचं धैर्य त्यांनी दाखवलं.' यंदाच्या पुस्तकातलं पहिलं पान त्यांचंच होतं, आणि ते वाचायला ओनीकाला दिलं होतं.

लेमुएलचा फोटो मागायला ओनीका मदर हेस्टरकडे गेली. म्हातारीने बायबलमधून फोटो काढून दिला, आणि त्याबरोबर पिवळी पडलेली दोन कात्रणं. ओनीका ती घेऊन थेट शाळेच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी आली.

"मिस झेल्फिया, हे पहिलं कात्रण सह्या केल्या त्यांचं. आणि हे दुसरं, नाव मागे घेतलं त्यांचं. तुमच्या पपांचं नाव दोन्हीकडे आहे."

मिस झेल्फियाने ओले हात ॲप्रनला पुसले. कात्रण हातात घेतलं नाही.

"छापणाऱ्याची चूक असेल," ती म्हणाली. "तेव्हा आपली नावं नीट छापायला कुणाला फुरसत होती?"

ओनीकाने मान डोलावली आणि कात्रण दप्तरात ठेवलं. तिला ते पटलं होतं. मिस झेल्फिया टाइप करते ते खरं असतं, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. पोरगी वाद घालती तर बरं झालं असतं.

चूक नव्हती. सही करून नववा दिवस होता, गुरुवार. पपा तिला गाडीत घालून तालुक्याच्या कचेरीकडे घेऊन गेले. वाटेत दुकानासमोर थांबून त्यांनी तिला द्राक्षाच्या सोड्याची बाटली घेऊन दिली. आठवड्याच्या मधल्या वारी ते कधी कुणाला काही घेऊन देत नसत. "इथेच बस, बाळ," म्हणाले आणि टोपी हातात घेऊन आत गेले. नऊ वर्षांच्या झेल्फियाने ती बाटली शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. ते बाहेर आले तेव्हा टोपी अजून हातातच होती, ऊन असून. घरी कुणी काही बोललं नाही. पपांची लाकडाच्या वखारीतली नोकरी राहिली, वखारवाल्याचं घर राहिलं. पाच पोरं जेवली, शिकली. त्यांतली एक ती.

वडिलांवर तिचा राग नव्हता. पाच पोरांच्या बापाने काय करायला हवं होतं, हे सांगायला तिची जीभ धजत नव्हती. तिला खुपत होतं ते स्वतःचं वाक्य. ते खोटं नव्हतं. पहिली सही त्यांचीच होती. पण आज ते पोरांच्या पुस्तकात तसंच गेलं, की तेच खरं ठरणार होतं. ओनीका ते वाचणार, उद्या ओनीकाची मुलगी वाचणार, आणि एकोणतीसांतल्या ज्या बारा जणांनी, लेमुएलसारख्यांनी, नाव काढलं नाही त्यांची किंमत एका ओळीने खाली येणार. मग वाचनालयातल्या गुळगुळीत पुस्तकांना हसायचं तोंड आपल्याला उरणार नाही, हेही तिला कळत होतं.

तिने फिलाडेल्फियाला थोरल्या बहिणीला फोन लावला. वर्डेलने सगळं ऐकून घेतलं. मग सुटली.

"तुझं डोकं फिरलंय का? अठरा वर्षं माणूस मातीत शांत पडलाय, त्याला उकरून काढतेस?"

"उकरत नाही. लिहितेय."

"जन्मभर दारुड्यांची पापं झाकलीस, आणि आता स्वतःच्या बापाच्या वेळी तुला सत्य सुचलं?"

"तो कागद मोठ्यांसाठी असतो, वर्डेल. त्यांना खरं माहीत असतं, म्हणून झाकलेलं चालतं. या पोरांना माहीतच नाही. त्यांच्याजवळ आपण देऊ तेवढंच."

"आणि गाव काय म्हणेल?"

"गावाला सदतीस वर्षांपासून माहीत आहे."

"त्या दिवशी तुझ्या तोंडाला सोडा लागलेला होता," वर्डेल शेवटी म्हणाली. "मी पुसला होता. आईला दिसायच्या आत." आणि तिने फोन ठेवला.

शनिवारी मिस झेल्फियाने पहिल्या पानाचं स्टेन्सिल फाडून नवं लावलं. आयुष्यात इतक्या सावकाश तिने कधी टाइप केलं नव्हतं. नंतर ओनीकाला बोलावून पान तिच्या हातात दिलं.

"त्या दिवशी मी तुला खोटं सांगितलं. छापणाऱ्याची काही चूक नव्हती. आधी वाचून बघ. वाचायचं नसेल तर दुसऱ्या कुणाला देते."

ओनीकाने ओठ हलवत सगळं वाचलं. "हे सगळ्यांसमोर?"

"हो."

"तुम्हाला भीती वाटत नाही?"

"वाटते ना," मिस झेल्फिया म्हणाली. "म्हणून तर तुला वाचायला लावतेय. माझा आवाज निघायचा नाही."

रविवारी चर्च भरलं होतं. तळघरातून तांबड्या भाताचा आणि तळलेल्या माशांचा वास वर येत होता. मुलं ओळीने उभी राहिली. ओनीका पुढे झाली, तिने घसा साफ केला आणि वाचू लागली.

"डीकन रूबेन गॅड्सडेन लाकडाच्या वखारीत काम करत. त्यांना पाच मुलं होती. अर्जावर पहिली सही त्यांनी केली. तेव्हा ते शूर होते. मग मालक म्हणाला, नोकरी जाईल आणि घरही जाईल. ते घाबरले. नवव्या दिवशी त्यांनी आपलं नाव काढून घेतलं. एकूण सतरा जणांनी नाव काढलं. बारा जणांनी काढलं नाही. डीकन गॅड्सडेन नाव काढायला गेले तेव्हा त्यांची एक मुलगी बाहेर गाडीत बसली होती. ती मोठी झाल्यावर तिने पहिल्या सहीचं लिहिलं आणि नवव्या दिवसाचं लिहिलं नाही. ती मुलगी म्हणजे मी, झेल्फिया."

आमच्या चर्चमध्ये वाचणाऱ्याला कुणी एकट्याला वाचू देत नाही. 'हो', 'खरंय', 'आमेन' चाललेलंच असतं. त्या दिवशी हातपंख्यांची फडफडसुद्धा थांबली. मिस झेल्फिया पियानोच्या बाजूला उभी होती, आणि आपले हात कुठे ठेवावेत हे तिला कळत नव्हतं. ज्या सतरा घरांची नावं त्या कात्रणात होती, त्यांतल्या निम्म्या घरांची माणसं समोर बसली होती.

पुढच्या बाकावर मदर हेस्टरने काठी जमिनीवर टेकली.

"पोरी, मला ऐकू कमी येतं. ते पान परत वाच."

ओनीकाने मिस झेल्फियाकडे पाहिलं. तिने होकाराची मान हलवली. ओनीकाने सगळं पान पुन्हा वाचलं, पहिल्यापेक्षा मोठ्याने. या वेळी मागून कुणीतरी हळू 'हो' म्हणालं. मग आणखी एक जण.

"झेल्फिया," मदर हेस्टर म्हणाली. ती मागे वळली नाही, समोरच बघत बोलत होती. "रूबेनच्या मयतीला मी इथेच बसले होते. तुझा कागद होता हातात. त्यावर लिहिलेलं, मनातल्या मनात वाचावे. मी वाचलं. माझा माणूस नूअर्कच्या थंडीत मेला आणि शूर कोण, तर रूबेन. मी घडी घातली आणि घरी गेले. अठरा वर्षं मनातच वाचतेय मी ते."

चारशे माणसांची आयुष्यं जिने सुंदर शब्दांत बसवली, ती मिस झेल्फिया पियानोपासून निघाली. ती चालत पुढच्या बाकापर्यंत गेली आणि उभी राहिली. म्हातारीने तिच्याकडे पाहिलं नाही, की हात धरला नाही. फक्त मांडीवरची पर्स उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली आणि जरा सरकली. मिस झेल्फिया त्या जागेत बसली.

"आता पुढचं पान, पोरी," मदर हेस्टर ओनीकाला म्हणाली. "आमच्या ह्यांचं. आणि मोठ्याने वाच."