पंधरा महिने मागे

हॅमिल्टन शहराच्या वरच्या अंगाला, जिथून खालच्या पोलाद कारखान्याची धुराडी दिसतात, तिथे विनी हॅवर्थ पंचेचाळीस वर्षं राहत होती, आणि एवढ्या वर्षांत तिला कॅनडातली एकही गोष्ट धड वाटली नव्हती. पाव म्हणजे कापूस, चहा म्हणजे फडकं पिळलेलं पाणी, आणि उन्हाळा म्हणजे दोन हिवाळ्यांमधली मधली सुट्टी. नवरा सिरिल सत्तावन साली कारखान्यात लागला म्हणून ती इंग्लंड सोडून आली. सिरिल जाऊन नऊ वर्षं झाली तरी ती परत गेली नव्हती. का नाही गेलीस, असं कोणी विचारलं तर म्हणायची, "तिकडं जाऊन तक्रार कशाची करू?"

मनापासून आवडायची ती एकच गोष्ट, आणि तीही तिकडचीच. 'वीव्हर्स यार्ड' नावाची मालिका. लँकशरमधली एक गल्ली, कोपऱ्यावरचा पब, आणि त्या गल्लीतली लग्नं, भांडणं, मयती. इकडच्या वाहिनीवर ती रोज संध्याकाळी सातला लागायची आणि आठवड्याचे सगळे भाग रविवारी सकाळी एकत्र. विनी रविवारवाली. बेकन तळून, किटली भरून ती एकदा खुर्चीत बसली की अडीच तास फोन वाजून वाजून मेला तरी उचलायची नाही.

दुखणं असं होतं की इकडे मालिका पंधरा महिने मागे होती. तिकडे एखादं पोर रांगायला लागायचं, तेव्हा इकडे त्याची आई आपल्याला दिवस गेले की काय म्हणून हवालदिल झालेली असायची. वर जाहिरातींना जागा हवी म्हणून प्रत्येक भागातली दोन-तीन मिनिटं कापलेली. आणि एप्रिल उजाडला की हॉकीचे सामने. संध्याकाळचे भाग हॉकीने गिळले की रविवारी दाखवायला उरणार काय? मग कुठलेतरी शिळे भाग वाढायचे, उपाशी माणसाला काल काय जेवलास ते आठव म्हणून सांगावं तसे.

यावर चडफडणाऱ्यांचं एक मंडळ होतं. बावीस जण, बहुतेक सगळे इंग्लंडातून आलेले, दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी माजी सैनिकांच्या हॉलमध्ये जमायचे. अध्यक्ष म्युरियल पॉट्स. जिभेने फटकळ, पण केक चांगला करायची. मंडळाचा नियम एकच आणि कडक: तिकडची पुढची बातमी इकडे फोडायची नाही. क्लिफर्ड नावाच्या एका सभासदाने एकदा चहात साखर ढवळता ढवळता एका पात्राचं मरण सांगून टाकलं. ते पात्र इकडे मरेपर्यंत, म्हणजे चांगले आठ महिने, कोणी त्याच्याशी बोललं नाही.

मंडळात विनीचा मान वेगळाच होता, कारण तिची सख्खी धाकटी बहीण मालिकेत होती. ॲग्नेस. अकरा वर्षं पबमधल्या मागच्या टेबलावर, हातात अर्धा ग्लास घेऊन बसलेली. एक्स्ट्रा. तिला एका शब्दाचंही काम नव्हतं. पुढे मोठे नट बोलत असताना मागे बसून नुसते ओठ हलवायचे, आवाज काढायचा नाही, हीच तिची नोकरी.

पण वाहिनीला, दिग्दर्शकाला, कोणालाच ठाऊक नव्हतं की ॲग्नेस नुसते ओठ हलवत नव्हती. ती बोलत होती. दोघी बहिणी पंधराव्या वर्षी कापडगिरणीच्या साचाखात्यात लागल्या होत्या. तिथे सहाशे साचे, म्हणजे कापड विणायचे माग, एकदम धडधडत असत. कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नसे. म्हणून तिथल्या बाया आवाजाच्या भानगडीत पडतच नसत. तोंड मोठं मोठं करून नुसत्या ओठांनी बोलायचं, चाळीस फुटांवरून वाचायचं. मुकादमाच्या नाकासमोर त्याचीच टिंगल चालायची. तीच बोली ॲग्नेस पबच्या टेबलावरून बोलायची, थेट विनीशी, समुद्र ओलांडून.

"विने, खुब्याला शेक दे. आळस करू नकोस."

"गिरणीतली मेबल तिसऱ्यांदा लग्न करतीय. दात नाहीत तोंडात, पण हौस बघ."

बातमी पंधरा महिने शिळी असायची, पण पोचायची. विनी एकटीच खुर्चीत खुदुखुदु हसायची.

दोन हजार एक सालच्या फेब्रुवारीत ॲग्नेसच्या शेजारी राहणाऱ्या मिसेस होल्डन यांचा इंग्लंडहून फोन आला. ॲग्नेस गेली. मंगळवारी पुरलंसुद्धा. "पोटात गाठ होती. विनीला आधी कळवायचं नाही, अशी शपथच घातली होती तिनं," बाई म्हणाल्या. विनीने फोन ठेवला. रडू आलं नाही. चार दिवसांनी रविवार होता, आणि रविवारी ॲग्नेस मागच्या टेबलावर नवी निळी टोपी घालून बसली होती आणि म्हणत होती, "टोपी कशी आहे? खरं सांग."

विनीने कोणाला काही सांगितलं नाही. सांगणार तरी कसं? पडद्यावर अजून धडधाकट असलेल्या बाईचं मरण सांगायचं म्हणजे बातमी फोडणंच की. पुढच्या गुरुवारी म्युरियलने केक कापता कापता म्हटलं, "तुझी ॲग्नेस काय गं, दिवसेंदिवस तरणी होतीय."

"हो. तब्येत सुधारलीय तिची," विनी म्हणाली. आणि हे आपल्या तोंडून किती सहज निघालं याची तिला घरी जाईपर्यंत भीती वाटत राहिली.

त्याच आठवड्यात एक पत्र आलं. ॲग्नेसचं अक्षर, डिसेंबरात लिहिलेलं, कुठेतरी रखडलेलं. पत्रात चारच ओळी होत्या. "विने, लिव्हरपूलच्या गोदीवर मी का आले नाही, हे तू कधी विचारलं नाहीस. मीही सांगितलं नाही. लिहायला जमत नाही. या आठवड्यात यार्डमध्ये बसून सांगितलंय. हा भाग जानेवारीच्या बारा तारखेला लागेल. तुझ्याकडं येईल तेव्हा बघ."

सत्तावन साली बोटीची तिकिटं तीन काढली होती. विनी, सिरिल आणि ॲग्नेस. निघायच्या दिवशी ॲग्नेस गोदीवर आलीच नाही. भोंगा वाजला, बोट सुटली, आणि चव्वेचाळीस वर्षं दोघी बहिणी हवापाण्यावर, खुब्यावर आणि मेबलच्या लग्नांवर बोलत राहिल्या. आपल्यावरचा राग होता की आणखी काही, हे विनीला मरायच्या आधी एकदा कळायला हवं होतं. तिने बोटांवर मोजलं. जानेवारी अधिक पंधरा. पुढच्या वर्षीचा एप्रिल.

ते वर्ष विचित्र गेलं. विनी आता पडद्याकडे बघून उत्तरं देऊ लागली, साचाखात्यासारखीच, बिनआवाजी. एका रविवारी तिने विचारलं, "थंडी वाजते का गं तुला तिथं?" पुढच्या रविवारी ॲग्नेस ग्लास खाली ठेवून म्हणाली, "नाही. इथं ऊब आहे." विनीच्या मानेवर काटा आला. मग तिने स्वतःला दटावलं, की पबमध्ये शेकोटी असते, ऊब असणारच. फेब्रुवारीत ॲग्नेस म्हणाली, "पायरीवर मीठ टाक, आत्ता." विनीने उठून दारातल्या बर्फावर मीठ टाकलं. तासाभराने शेजारच्या घराच्या पायरीवर शेजारीण घसरली आणि मनगट मोडून घेतलं. फेब्रुवारीत इकडे बर्फ असतोच, यात नवल काय, असं विनी दिवसभर म्हणत राहिली.

एप्रिल आला. ज्या आठवड्यात तो भाग लागायचा त्याच आठवड्यात हॉकी सुरू झाली, आणि त्या वर्षी टोरांटोचा संघ काही केल्या हरेना. सगळं शहर मोटारींना निळे झेंडे लावून भोंगे वाजवत फिरत होतं, आणि विनी एकटी खिडकीशी उभी राहून त्यांचे पाय मोडोत म्हणून प्रार्थना करत होती. मे संपत आला तेव्हा ते हरले. तिला ढेकर यावा इतकं बरं वाटलं.

जूनच्या पहिल्या गुरुवारी ती हॉलमध्ये शिरली तर सगळे उठून टाळ्या वाजवायला लागले. मधोमध केक, त्यावर तिचं नाव.

"जिंकलो बाई आपण," म्युरियल म्हणाली. "वाहिनीचं पत्र आलंय. उन्हाळाभर शिळेच भाग, आणि सप्टेंबरपासून मालिका इंग्लंडच्या बरोबरीनं. मधलं सगळं गाळणार, एका तासात गोष्ट सांगणार आणि थेट आजच्या भागावर उडी. तुझ्या अर्जामुळं झालं हे. हजार सह्या गोळा केल्या होत्यास, विसरलीस होय?"

विसरली कुठली! तीन वर्षांपूर्वी याच हॉलच्या दारात बर्फात उभं राहून, येणाऱ्या-जाणाऱ्याची बाही ओढून तिने सह्या घेतल्या होत्या. 'आम्हाला मागे ठेवू नका' हा मथळाही तिचाच. स्वतःच्या हाताने तिने स्वतःची बहीण गाळून टाकली होती.

"नको," विनी म्हणाली. "मधले भाग दाखवायला सांग त्यांना. दुप्पट दाखवा म्हणावं, रात्रंदिवस दाखवा, पण गाळू नका."

"हिला कोणी समजवा रे! आयुष्यभर मागे आहोत म्हणून रडली, आता पुढे नेतायत तर पाय ओढतीय."

"एकच भाग हवाय मला, म्युरियल."

"त्यात काय आहे एवढं?"

विनीने तोंड उघडलं. एकवीस माणसं तिच्याकडे बघत होती, क्लिफर्डसुद्धा. "काही नाही," ती म्हणाली, आणि आपल्याच नावाचा केक खाल्ला.

तिने वाहिनीला चार पत्रं लिहिली. चारींना एकच छापील उत्तर आलं, आपल्या प्रेमाबद्दल आभारी आहोत. मग मिसेस होल्डनना फोन केला. त्यांनी पुतण्याकडून तो भाग मिळवून कॅसेट पाठवली. पण तिकडची कॅसेट इकडच्या यंत्रात नीट लागत नाही, हे विनीला कोणी सांगितलं नव्हतं. पडद्यावर बर्फ पडल्यासारखं झालं, चित्र रंग टाकून वर वर सरकायला लागलं. त्यात ॲग्नेस होती. खालून यायची, तोंड उघडायची, पडद्याच्या वरच्या कडेला पोचून नाहीशी व्हायची, पुन्हा खालून यायची. विनीने गुडघ्यावर बसून काचेला नाक लावलं. "गोदी" एवढं एकदा ओठांवर दिसलं. मग फीत यंत्रात अडकली आणि चुरगळून बाहेर आली. त्या दिवशी मात्र विनी रडली, दीड वर्षाचं सगळं एकदम.

सप्टेंबरचा पहिला रविवार. विनीने बेकन तळला नाही, टीव्ही लावला नाही. ॲग्नेस नसलेला पब तिला बघायचा नव्हता. नऊच्या सुमाराला फोन वाजला आणि तिने तो उचलला.

"जाहिराती चालूयत म्हणून केला," म्युरियल म्हणाली. "बघितलंस का? तुझी ॲग्नेस केवढी बारीक झालीय गं. आणि तो कोट कुठनं उकरून काढला? तपकिरी, ताटलीएवढ्या बटणांचा. आपल्या तरुणपणची फॅशन."

विनीने विचारलं, "कुठला भाग चाललाय?"

"आजचा. आता बरोबरीनं नाही का आपण? महिन्याभरापूर्वी चित्रित झालेला असेल. चल, सुरू झालं."

दीड वर्षापूर्वी पुरलेली बाई महिन्याभरापूर्वी पबमध्ये बसली होती. आणि तो कोट विनीला न बघताही ठाऊक होता. बोटीच्या प्रवासासाठी आईने एकाच ताग्यातून दोन कोट शिवले होते, एक तिला आणि एक ॲग्नेसला.

तिने टीव्ही लावला आणि बसली. पुढे नवरा-बायकोचं कडाक्याचं भांडण चाललं होतं. मागे टेबलावर ॲग्नेस. कॅमेऱ्याकडे बघायचं नाही हा एक्स्ट्राचा पहिला धडा, पण ती सरळ बघत होती. मांडीवर कसलीशी पेटी होती. पुढची बायको मध्ये आली, तशी विनीने नकळत मान तिरकी केली.

"आले होते मी," ॲग्नेसचे ओठ म्हणाले. "गोदीवर. छपराखाली, गर्दीच्या मागं उभी होते. म्हटलं, विनीला मी खरंच हवी असले तर ती एकदा वळून बघेल. मग पळत येईन. तू शिडी चढलीस, पण वळली नाहीस."

विनीच्या डोळ्यांना धारा लागल्या. तिने बिनआवाजी, तोंड मोठं करून, एकेक शब्द जपून सांगितला. "वळले असते तर चढलेच नसते गं. मला सिरिलबरोबर जायचं होतं आणि तुला सोडायचं नव्हतं. म्हणून बघितलं नाही. हवी होतीस तू मला. रोज हवी होतीस."

ॲग्नेस ऐकल्यासारखी थांबली. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर. ती म्हणाली, "मग आता तरी बघ."

हातात ग्लासांचा ट्रे घेतलेली पोरगी टेबलापुढून गेली. ती बाजूला झाली तेव्हा मागची खुर्ची रिकामी होती. भांडण चालूच होतं. ओल्या लोकरीचा वास विनीला आला, आणि पाठीमागे, स्वयंपाकघराच्या दाराशी, कोणीतरी जड पेटी जमिनीवर ठेवल्याचा आवाज झाला.

विनीने खुर्चीचे दोन्ही हात धरले, दुखऱ्या खुब्यावर भार दिला, आणि ती मागे वळली.