गुरूवर अडीचपट

"काटा काय चंद्रावरून मागवलाय का हो? तिथं माणूस एक षष्ठांश भरतो!"

आपटे सर दवाखान्यातल्या नर्सवर ओरडत होते. कात्रजला आमच्या शेजारी राहणारे हे निवृत्त विज्ञानशिक्षक ओरडले की सर्पोद्यानातले नाग, कान नसूनही, वेटोळं आवळून घेत. मी स्वतः पाहिलंय. काट्यावर त्यांच्या पत्नी, सुमनकाकू, शाल लपेटून उभ्या होत्या. वजन आणखी उतरलं तर पुढचा केमोचा डोस मिळणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

एरवी सरांना कुणाचं वजन नुसतं सांगवतच नसे. सोसायटीखालच्या वाण्याला म्हणत, "शेठ, मंगळावर जा, निम्म्याहून कमी भराल. वजन माणसाचं नसतं हो, पायाखालच्या ग्रहाचं असतं!" शनीवर तर त्यांचा खास राग. "वस्तुमान पृथ्वीच्या शंभरेकपट, पण गुरूसारखंच अंग नुसत्या वायूचं, इतकं फुगलेलं की वरचा माणूस केंद्रापासून लांब पडतो आणि ओढच विरते. भरता जवळजवळ इथल्याएवढेच. नुसता बडेजाव!"

त्या आठवड्यात सरांनी इतका शिरा केला की कात्रजच्या डेअरीला तूप पुरेना. काकूंच्या पोटात मात्र घासभर ठरत नव्हता. तरी पुढच्या खेपेला वजन चक्क वाढलेलं! नर्स खुशीत काकूंची शाल सारखी करायला गेली, आणि प्रयोगाची लोखंडी वजनं धाडधाड फरशीवर कोसळली. सरांनी शालीला आतून अस्तर लावून ती त्यात शिवली होती. शिवणकाम हा त्यांचा विषय नव्हता. उभं राहायचं त्राण नसताना काकूंनी ते लोखंड निमूट वागवलं होतं.

आवाज ऐकून डॉक्टर बाहेर आले. "सर, वजनावरून डोस ठरतो. हे लोखंड धरून दिला असता, तर काकूंना झेपला नसता."

सर खालीच बसले. "मग गुरूवर न्या हो तिला! अडीचपट भरेल!" नागांना दचकवणारा तो आवाज असा फाटला की मी भिंतीकडे तोंड केलं.

"वस्तुमान तेवढंच राहील, सर," डॉक्टर म्हणाले. "आज डोस नाही देता येणार."

परतताना रिक्षात सर काकूंचा हात धरून पुटपुटत होते, "गेलो असतो गं गुरूवर. खरंच घेऊन गेलो असतो तुला."

काकू बाहेरच्या रहदारीकडे पाहत म्हणाल्या, "तिथं उभं राहायला जमीन नाही."