परक्या आवाजातला पत्ता

त्या दुपारी मी देवीशी भांडायलाच गेले होते. एकाहत्तरच्या लढाईहून माझे यजमान हातीपायी धड परतले, पण पुढे त्यांना मिरगीचे झटके येऊ लागले आणि फौजेने कायमचं घरी पाठवलं. अपंगत्वाच्या पेन्शनचा अर्ज दोनदा परत आला. 'आजाराचा सेवेशी संबंध नाही,' एवढंच त्यावर लिहिलेलं. भंडाऱ्याच्या सैनिक कचेरीतले बाबू भले होते. म्हणाले, "बाई, असे झटके डोक्याला मार लागूनही येतात. तो लढाईतच लागला, हे सांगणारा कोणी साथीदार शोधा." पण यजमानांना ते दिवसच आठवत नव्हते. ना जागा, ना माणसं.

करडीजवळच्या आमच्या गावात तलावाच्या पाळीवर देवीचं ठाणं आहे. धानाच्या रोवणीचे दिवस होते. यजमानांना झाडाखाली बसवून मी हात जोडले. "माय, अजून कोनता कागद पायजे तुले? उद्यापासून मी दिवा लावनार नाही."

मागे ते धपकन पडले. एरवी झटक्यात त्यांची दातखीळ बसायची. त्या दिवशी तोंड उघडंच राहिलं. धानात रोवणाऱ्या बायांचं गाणं एकाएकी थांबलं आणि यजमानांच्या तोंडून कुणा कोवळ्या, परक्या माणसाचा आवाज निघाला. "भापे को चिट्ठी लिखो." मग एक नाव, गाव, जिल्हा. तीनदा, सावकाश, शाळेत शुद्धलेखन घालतात तसं. डोळे माझ्यावर रोखलेले, पण नजर त्यांची नव्हती. मला पळून जावंसं वाटलं. तरी कोळशाने ठाण्याच्या भिंतीवर ते लिहून घेतलं.

शुद्धीवर आल्यावर विचारलं, तर म्हणाले, "कोन भापा? मले काहून विचारतेस?"

शाळेतल्या गुरुजींनी घडलं तसं हिंदीत पत्र लिहून दिलं; ते मी त्या पत्त्यावर धाडलं. दीड महिन्याने पंजाबातून जाड लिफाफा आला. एका म्हाताऱ्या बापाने लिहिलं होतं, 'मला भापा म्हणणारा माझा एकच मुलगा. तो लढाईत जखमी होऊन इस्पितळात वारला. त्याचं शेवटचं पत्र पाठवतो. काम झालं की परत करा, आमच्याजवळ तेवढंच आहे.' त्या पत्रात होतं: गोळा फुटला, भंडाऱ्याच्या जोडीदाराच्या डोक्याला जबर मार बसला, तरी त्याने मला पाठीवर घेऊन दवाखान्याच्या तंबूत आणलं आणि तिथेच तो कोसळला.

गुरुजी वाचत होते. यजमानांना काहीच आठवलं नाही, पण ते लहान मुलासारखे रडले.

पत्रात तंबूचं ठिकाण आणि तारीख होती. बाबूंनी त्यावरून फौजेच्या त्या दवाखान्याचं जुनं रजिस्टर शोधायला लावलं; त्यात यजमानांची नोंद सापडली. वर्षभराने पेन्शन मंजूर झाली. पत्र आम्ही रजिस्टर्ड डाकेने परत पाठवलं.

झटके अजूनही येतात. तो आवाज मात्र पुन्हा आला नाही. पितृपक्षात यजमान एक पान जास्त वाढतात, ज्याचा चेहरा त्यांना आठवत नाही त्या माणसासाठी. मी देवीपुढे बसते, पण आता काही मागत नाही. ती कुणाच्या तोंडून, कोणत्या बोलीत उत्तर देईल, हे ठरवणारी मी कोण?