दहा माणसांची वस्ती

राहेलताई गेल्याचा फोन हन्नाचा आला. सकाळची वेळ होती, मी दूध तापत ठेवलं होतं. "मावशी, आई गेली गं... झोपेतच," एवढं बोलून ती थांबली. माणूस अशा वेळी काय विचारतं? त्रास झाला का, कोण जवळ होतं, असंच काहीतरी. माझ्या तोंडून मात्र भलतंच निघालं. मी म्हटलं, "हन्ना, माणसं किती आहेत?" दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, म्हातारीचं डोकं फिरलं. हन्नाला नाही वाटलं. ती म्हणाली, "दफनाला जमतील, मुंबईचे लोक तिथं येणार आहेत. पण सातव्या दिवसाची प्रार्थना घरी व्हावी, असं आईनं सांगून ठेवलंय. घरी यायला... मी मोजतेय, मावशी." तोवर माझं दूध उतू गेलं होतं. दफनाला मी पोचणार नव्हतेच. सातव्या दिवसाला पोचायचं ठरवून मी पिशवी भरायला घेतली, आणि जालन्यापासून थेट तिच्या दारापर्यंत माझ्या डोक्यात एकच घोर होता, की दहा होतील का?

आता हे दहाचं प्रकरण सांगायला हवं. राहेलताई बेने इस्राएल होती, म्हणजे कोकणातली मराठी बोलणारी यहुदी. त्यांच्या मोठ्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, वयात आलेले आणि त्यांच्याच धर्माचे. नऊ असले तर चालत नाही. बायका कितीही असल्या तरी मोजत नाहीत, आणि यावरून मी तिला आयुष्यभर चिडवलं. "स्वैपाकाला आम्ही, मोजायला तुम्ही," असं मी म्हणायची आणि ती हसायची. पण दहा हा आकडा तिच्या जिवाला कसा लागला होता, ते मी बदनापूरला पाहिलेलं आहे.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. माझे मालक बदनापूर स्टेशनात माल कारकून होते आणि राहेलताईचे यजमान सॅमसनदादा तिथं छोटे मास्तर. दोन्ही क्वार्टर्सना मिळून एकच भिंत. मी मंठ्याकडच्या शेतकऱ्याच्या घरातली, नवीन लग्न झालेली, रेल्वेच्या शिट्टीला दचकणारी. ती माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, दोन लेकरांची आई. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत ती काचेच्या पेल्यात पाणी आणि वर खोबरेल घालून दिवा लावायची. मग शनिवार संपेपर्यंत तिच्या घरात चूल पेटायची नाही. शनिवारचा चहा माझ्याकडून जायचा. सॅमसनदादांना मात्र शनिवारीही ड्यूटी असायची, गाड्या काही कुणाचा वार पाळत नाहीत. ते डोक्यावर टोपी घालून निघाले की ही दारात उभी राहून म्हणायची, "देव यांचं तेवढं सांभाळून घेईल ना गं?" मी म्हणायची, "घेतो की ताई, त्याला बी ठावं हाय नोकरी काय असती."

एका थंडीत तिचे सासरे, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो, तिच्याकडं राहायला आले आणि तिथंच गेले. तारा केल्या. मनमाडहून त्यांच्यातले दोघे धावत आले, बाकीचे पोचू शकले नाहीत. जालन्याला ख्रिस्ती दफनभूमीच्या कडेला जागा मिळाली. स्टेशनचे झाडून सगळे आले होते. पॉइंट्समन, हमाल, चहावाला, आमचे मालक, बडे मास्तर साहेब शेरवानी घालून. वीसेक पुरुष खाली मान घालून उभे होते, पण मोजण्यातले तीनच. सॅमसनदादा पुस्तकातून वाचत गेले, एका जागी अडखळले आणि ते पान तसंच उलटून पुढं गेले. आम्हा इतरांना काही कळलंही नाही. राहेलताईला कळलं. रात्री ती माझ्याजवळ बसून म्हणाली, "एवढी माणसं आली, उपकार झाले सगळ्यांचे. पण आबांची ती प्रार्थना राहिली, सुमन." त्यानंतर तिला नीट झोप लागेना. स्वतःच्या मरणाची भीती नव्हती तिला, पण असं राहून जाण्याची भीती तिच्या मनात बसली ती बसलीच.

दुसरा घोर हन्नाचा. पोरगी अकरा वर्षांची, वाचायची इतकी हावरी, की वाण्याच्या पुडीचा कागद सोडायची नाही. बदनापूरला तेव्हा मुलीच्या जातीला चार बुकांपुढं काही नव्हतं, आणि पुढची शाळा म्हणजे सगळी उर्दूत. तर जायचं हे ठरलं. कुठं जायचं, यावर त्या घरात जो काथ्याकूट चालला, तो भिंतीपलीकडून मला पाठ झाला होता. सॅमसनदादा म्हणायचे, "सिकंदराबादला बदली मागतो. शाळा बिलकुल अव्वल आहेत आणि नोकरी कायम राहते." ती विचारायची, "आणि आपली घरं किती?" ते म्हणायचे, "दोन." मुंबईच्या बाहेर एका उपनगरात तिची मावसबहीण होती. तिथं एका चाळीत खोली घेऊन त्यांच्या लोकांनी प्रार्थनेची जागा केली होती. उपनगराचं नाव मी इथं घालत नाही, पुढं जे सांगणार आहे ते तिथल्या लोकांना कदाचित आवडणार नाही. तिथं गेलं तर नोकरी सोडावी लागणार होती. दादा म्हणायचे, "राहेल, हातचं सोडून जायचं म्हणतेस, तर आधी जाऊन बघून ये. बराबर बघ. शाळा बघ आणि माणसं बघ."

ती हन्नाला घेऊन गेली. चार-पाच दिवसांनी परतली ती गाडीतून उतरताच माझ्याकडं धावत. "सुमन, वीसच्या वर पुरुष! खोलीत मावेनात, जिन्यात उभे होते!" ती गुरुवारी पोचली होती. शुक्रवारी शेजारच्या बिऱ्हाडी मुलाची सुंता होती, त्याचा मलिदा तिनं खाल्ला. गोड पोहे, ओलं खोबरं, पाच तऱ्हेची फळं, सगळं वर्णन करून झालं. शनिवारी सकाळी तिनं खिडकीत उभं राहून प्रार्थनेला आलेले पुरुष बोटांवर मोजले होते. शाळेत बाईंनी हन्नाला धडा वाचायला लावला आणि एका पानातच "पाठवा हिला" म्हणाल्या. मला रडू फुटलं. "मंग म्या काय करू हितं एकलीनं?" मी विचारलं. तिनं माझा हात धरला, पण तिचं लक्ष माझ्याकडं नव्हतंच. ती अजून माणसं मोजत होती.

दादांनी राजीनामा दिला. शाळा उघडायच्या आधी, उन्हाळ्यात, ते निघाले. काचेचा दिवा तिनं लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेतला होता. गाडी सुटताना सॅमसनदादा दारात उभे होते आणि स्टेशनकडं असं बघत होते, की मला त्यांच्याकडं बघवेना. चूक तर होत नाही ना यांची... हे माझ्याही मनात आलं.

त्यानंतर बाकीच्या देशाला स्वातंत्र्य मिळालं, आमच्याकडं यायचं राहिलं. पुढच्या वर्षी, माझी मुलगी तान्ही असताना, हवा फारच बिघडली. रझाकारांच्या बातम्या रोज नव्या गावाच्या. कोणत्या गाडीत काय होईल, सांगता येत नव्हतं. आमचे मालक म्हणाले, "तू पोरीला घेऊन जाय. राहेलबाईकडं जाय. म्या नोकरी सोडून येऊ शकत न्हाई." मनमाड येईपर्यंत मी पोरीच्या तोंडावर पदर धरून बसले होते, ती रडू नये म्हणून. राहेलताईच्या दारात पोचले. तिनं माझ्या हातातून पोर घेतली आणि पाणी दिलं. एका खोलीत ते चौघे, वर आम्ही दोघी. मागं मालकांचं काय होत असेल याचा मला घोर होता, आणि तिनं एकदासुद्धा मला "काळजी करू नको" म्हटलं नाही. माझ्याबरोबर तीही करायची.

पहिलाच शनिवार. सकाळी राहेलताई खिडकीशी स्टुलावर बसली. समोरच्या चाळीत ती प्रार्थनेची खोली होती. सॅमसनदादा गेले, तिनं एक बोट मिटलं. मग दुसरे एक गृहस्थ आले. मग दोन भाऊ. सात... आठ... बऱ्याच वेळानं नववा. मग रस्ता रिकामाच. मी म्हटलं, "ताई, तुम्ही तर वीस म्हणल्या होत्या." ती रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "पाव्हणे होते गं ते." मला कळेना. मग तिनं सांगितलं. सुंता शुक्रवारी झाली. पेणचे, अलिबागचे, मुंबईचे पाहुणे आलेले. शनिवारी त्यांना प्रवास चालत नाही, म्हणून ते सगळे मुक्कामाला राहिले आणि सकाळी साहजिकच प्रार्थनेला आले. "बहीण म्हणाली होती, पाव्हणे आहेत म्हणून. मला वाटलं, असतील चार-पाच. मला तसंच वाटून घ्यायचं होतं, सुमन. शनिवार मी जन्मभर पाळते, आणि माझ्या ध्यानात आलं नाही." मी विचारलं, "मंग दादांला ठावं हाय?" ती म्हणाली, "त्यांना वाटतं, लोक आळशी झालेत. तू बोलू नकोस." तेवढ्यात कोपऱ्यावरून एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत येताना दिसले. ते जिना चढेपर्यंत तिनं दहावं बोट मिटलं नाही. मग तिनं खिडकी ओढून घेतली आणि म्हणाली, "झालं." मागं शाळेचं पुस्तक वाचत बसलेल्या हन्नाकडं बघून ती हळूच म्हणाली, "शाळा तरी खरी निघाली."

सप्टेंबरात भारताची फौज आली, सगळं निवळलं, मालक सुखरूप होते, मी परत आले. पण ती खिडकी कायमची माझ्या लक्षात राहिली, कारण पुढं तिनं जे केलं त्याला तोड नाही. दर शनिवारी ही अशी धाकधूक किती वर्षं काढायची? तिनं कोकणातल्या, पुण्यातल्या नातेवाइकांना सांगायला सुरुवात केली, "आमच्याकडं या, शाळा फार चांगली आहे." कुणी बघायला येतो म्हटलं, की ती विचारायची, कोणत्या शनिवारी? आणि नेमक्या त्याच्या आदल्या शुक्रवारी तिच्या घरी काहीतरी निघायचं. कधी नवसाचा मलिदा, कधी कुणाचा वाढदिवस, कधी नुसतंच जेवण. पाहुणे यायचे, मुक्कामी राहायचे, शनिवारी खोली भरायची. बघायला आलेला माणूस खूश होऊन जायचा आणि जूनमध्ये बिऱ्हाड घेऊन यायचा! ज्या खड्ड्यात आपण पडलो त्यात हिनं एकेकाला अलगद उतरवलं. मी एकदा म्हटलं, "ताई, हे बराबर न्हाई." ती म्हणाली, "खोटं कुठं बोलले? शाळा चांगली आहेच ना?" आणि बघता बघता खरंच वस्ती झाली. बिऱ्हाडं इतकी वाढली, की खोली पुरेना आणि मागची भिंत पाडावी लागली. हन्ना त्याच शाळेत शिकली, तिथंच शिक्षिका झाली, शेवटी मुख्याध्यापिका. सॅमसनदादा गेले तेव्हा जिन्यात माणसं उभी होती, आणि या वेळी एकही पाहुणा म्हणून आलेला नव्हता. त्या दिवशी राहेलताई रडली नाही, हे लोकांना विचित्र वाटलं. मला नाही वाटलं.

मग हळूहळू लोक इस्राएलला गेले. तिचा मुलगाही गेला. तिला बोलावलं तर म्हणाली, "तिकडं सगळेच आपले, तिथं मला कोण मोजायला लावणार?" खिडकी पुन्हा सुरू झाली. गेल्या वर्षी भेटले तेव्हा डोळ्यांना दिसत नव्हतं आणि समोरची खोलीही बंद पडलेली, तरी ती स्टुलावर बसून हन्नाला विचारत होती, "किती झाले?"

सातव्या दिवशी मी राहेलताईच्या खोलीत होते. समोरच्या चाळीतल्या खोलीला कुलूप लागून बरीच वर्षं झाली. घरात आम्ही बायका पंधरा तरी होतो. पुरुष नऊ. हन्नाचा मुलगा पुस्तक हातात धरून उभा, पान काढलेलं. हन्ना कुणाला तरी फोन लावत होती आणि तो लागत नव्हता. मला बदनापूरचे ते वीस पुरुष दिसत होते आणि सॅमसनदादांनी तसंच उलटलेलं ते पान. इतकं करून हिचीही राहणार? मला खोलीत बसवेना. स्टूल खिडकीशी होतं, मी त्यावर जाऊन बसले.

किती वेळ गेला कोण जाणे. कोपऱ्यावर एक टॅक्सी थांबली. आत बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांना ड्रायव्हरनं हात धरून उतरवलं. ते जिन्याचा कठडा धरून एकेक पायरी चढत आले, दारात थांबले आणि दम खात म्हणाले, "लांबून आलो... उशीर झाला. मीच दहावा का?" हन्नानं मान डोलावली. त्यांनी डोक्यावर टोपी घातली आणि राहेलताईच्या फोटोकडं बघून म्हणाले, "हिनं मला फसवून आणलं होतं इथं. एवढे लोक दाखवले होते! बिऱ्हाड घेऊन येतो, तर सगळे आपापल्या गावी." खोलीत कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले, आणि हसता हसता हन्नाला रडू आलं.

हन्नाच्या मुलानं वाचायला सुरुवात केली. कुठंही न अडखळता तो त्या जागी आला आणि दहा गळ्यांतून एकदम "आमेन" आलं. मी हात लांब करून खिडकी ओढून घेतली.

"झालं, ताई," मी म्हटलं.