पान आधी का पान शेवटी

साल १९६६. माझं वय एकवीस. अमेरिका व्हिएतनामची लढाई अर्ध्यावर सोडून घरी निघाली ते हेच साल. दोन्ही बाजूंनी करार केला आणि मधे उभं राहायला आपली फौज मागितली. आमची पलटण मद्रासहून बोटीत बसली. मी अंजनगाव सुर्जीचा. शिक्षण चौथी, रँक शिपाई.

आता अमरावतीत माजी सैनिकांचा कार्यक्रम असला की पोट्टे विचारतात, "आजोबा, तुमी किती दुश्मन मारले?" मी सांगतो, एकही नाही. मग ते माईक दुसऱ्याकडे नेतात. नेऊ द्या. लढाई सुरू कोणीही करते. बंद करून दाखवा म्हणावं.

आमचं पोस्ट एका रुंद नदीच्या काठी होतं. अलीकडे अमेरिकेचा कॅम्प. पलीकडे त्यांच्याशी लढणारे तिथले बंदूकवाले. अमेरिकेच्या गाड्यांना तराफ्यावरून नदी पार करून बंदराकडे जायचं होतं, म्हणजे पलीकडच्यांच्या बंदुकीखालून. ऑर्डर साधी होती. शेवटची गाडी पार होईपर्यंत एकही गोळी सुटली नाही पाहिजे. सुटली तर करार खलास, अमेरिका तिथंच, लढाई पुन्हा चालू.

सकाळी स्टँड-टू, म्हणजे बंदूक घेऊन मोर्च्यात तयार उभं राहणं, मग पीटी, मग वाळूची पोती भरणं, मग संतरी ड्युटी. जेवायला भात. रात्रीही भात. भाकरीची आठवण काढायची नाही असा माझा आणि विठ्ठलचा करार होता. लान्सनायक विठ्ठल हा अकोल्याच्या जुन्या शहराचा, वायरलेस ऑपरेटर. दिवसभर पाठीवर सेट. मी विचारू, "काहून बे, काय म्हणते बटालियन?" तो म्हणे, "म्हणून राहिले, अंजनगाववाल्याले भात कमी वाढा."

पोस्टच्या मागे गावातल्या एका म्हातारीचा पानमळा होता. मी पाहिला आणि उभाच राहिलो. वेल तीच, पान जरा जाड. आमच्या घरी पिढ्यान् पिढ्या पानमळा. मी बूट काढून बाजूला ठेवले आणि आत गेलो. पानमळ्यात पायताण घालून कोणी जात नाही, हे आमच्याकडे लेकराले सांगावं लागत नाही. म्हातारीनं माझ्या पायाकडे पाहिलं आणि एक पान खुडून हातावर ठेवलं. तिचे दात पान खाऊन खाऊन काळे झाले होते.

आमचे कॅप्टन साहेब पुण्याकडचे. त्यांनी मले अनवाणी पाहिलं.

"बूट कुणाच्या ऑर्डरनं काढले?"

"पानमळ्यात बूट चालत नाही, साहेब."

"हा काय तुझ्या वडिलांचा मळा आहे?"

"त्याइचा असता तर इचारलं नसतं, साहेब. सरळ काठीनं हाणलं असतं."

सामानानं भरलेला पिट्ठू पाठीवर लावून ग्राउंडच्या फेऱ्या मारायची शिक्षा झाली. मारल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा बूट काढूनच आत गेलो. चार दिवसांनी साहेब कंटाळले. मी नाही कंटाळलो.

गाड्या जायच्या त्या दिवशी सकाळी आमच्या तंबूत बैठक होती. पलीकडचा कमांडर तराफ्यानं आला. अंगानं काटक, पायात टायरच्या चपला. समोर अमेरिकेचा कॅप्टन, मधे आमचे साहेब, बाजूला गावचा मास्तर दुभाष्या. कोणत्या गाड्या आधी जातील आणि तेव्हा पलीकडच्या बंदुका कुठं असतील, एवढंच ठरायचं होतं. साहेबांनी मले आधीच सांगितलं होतं, "तू पानवाला ना? पाहुण्यांना पान दे. इथे पानाला मान आहे." मी म्हातारीकडून पानं, चुना, सुपारी आणून ताट सजवलं, ओलं फडकं झाकलं आणि कोपऱ्यात सावधान उभा राहिलो.

साहेब बोलायला लागले. कमांडरनं ताटाकडे पाहिलं. थोड्या वेळानं पुन्हा पाहिलं. मग उठला आणि चालायला लागला.

दुभाष्या घाबरून म्हणाला, "ते म्हणतात, जिथं पान विचारत नाहीत तिथं बोलणं होत नाही."

साहेब माझ्याकडे वळले. "पान कुठं होतं?"

"हे काय, साहेब. बोलणं झालं की देतो."

"अरे, आधी द्यायचं!"

"आमच्याकडे आधी देलं म्हणजे पाहुण्याले उठा म्हटल्यासारखं होते, साहेब."

यात माझी चूक नाही. तेव्हाही नव्हती, आजही नाही. वऱ्हाडात कोणालेही विचारा, पानसुपारी शेवटीच. त्यांच्याकडे उलटं आहे हे मले कोणी सांगितलं नव्हतं.

पण तिकडे कमांडर नदीकडे चालला होता आणि पलीकडचे लोक त्याला असं एकटं परतताना पाहून बंदुका हातात घेऊन उभे राहिले होते.

विठ्ठल म्हणाला, "पाहून काय राहिला लेका? पळ."

मी ताट घेऊन पळालो. मागून विठ्ठल सेटसकट, त्याच्यामागे धापा टाकत दुभाष्या. काठावर कमांडरला गाठलं. एक पान लावून आधी मी खाल्लं. दुसरं लावून दोन्ही हातांनी पुढं केलं. त्यानं माझं चुन्याचं बोट पाहिलं, पान घेतलं, चावलं, मग काहीतरी बोलला.

दुभाष्यानं सांगितलं, "म्हणतात, चुना जास्त झाला."

विठ्ठल म्हणाला, "सांगा त्याइले, आमी याले रोज हेच सांगून राहिलो."

कमांडर हसला. परत आला, बसला. अमेरिकेच्या कॅप्टननंही एक पान तोंडात टाकलं आणि रस गिळला. मग जो ठसका लागला, तो थांबेपर्यंत सगळे हसत होते. दुसरं पान संपायच्या आत सगळं ठरलं.

दुपारी गाड्या निघाल्या. कमांडर आमच्याच काठावर माझ्या शेजारी पान चघळत उभा राहिला. शेवटची एक जीप उरली. तिच्यासाठी तराफा काठाला लागत होता तेव्हा त्याचा दोर सुटला. विठ्ठल सगळ्यात जवळ होता. दोर धरायला तो उतारावर गेला आणि स्फोट झाला.

जुनी माइन होती, जमिनीत पुरलेला सुरुंग. कोणी पुरली होती, ते आजपर्यंत कोणाला माहीत नाही.

दोन्ही काठांवर रायफली वर झाल्या. प्रत्येकाला वाटलं, समोरच्यानं फायर केला. तेवढ्यात साहेबांजवळच्या सेटवर विठ्ठलचा आवाज आला. नेहमीसारखाच, सावकाश.

"ऑल स्टेशन. गोली नहीं चली. माइन था. मेरा पैर पड़ा. फायर नहीं करना. ओव्हर."

साहेबांनी ते अमेरिकेच्या कॅप्टनला इंग्रजीत सांगितलं. त्यानं हात खाली केला, त्याच्या माणसांनी रायफली खाली केल्या. कमांडरनं तर सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. तो दोन्ही हात वर करून कमरेएवढ्या पाण्यात शिरला आणि आपल्या लोकांना ओरडून सांगत राहिला. सकाळी रागानं निघून गेला असता तर तो त्या बंदुकांच्या मागे असता. एकेक बंदूक खाली झाली. कोणीतरी दोर धरला, जीप तराफ्यावर चढून पलीकडे गेली.

आणखी माइन असतील म्हणून जमीन चाचपत, सरकत मी तोवर विठ्ठलपाशी पोचलो.

"गेली का जीप?"

"पार झाली."

"मंग आता डॉक्टरले बोलाव."

अमेरिकेचं हेलिकॉप्टर त्याला न्यायला आलं. संध्याकाळी त्यांच्या दवाखान्यात त्यानं जीव सोडला. लढाई बंद झाली ती बंदच राहिली.

सुट्टी मिळाली तेव्हा अंजनगावच्या आधी मी अकोल्याला उतरलो. जुन्या शहरात गल्ली विचारत विठ्ठलची ट्रंक त्याच्या घरी नेली. त्याच्या वडिलांचा भाजीचा धंदा. त्यांनी मले जेवू घातलं आणि मगच विचारलं.

"शेवटी काय बोलला?"

"डॉक्टरले बोलाव म्हणे."

"आधी काहून नाही म्हटलं?"

"आधी जीप जायची होती, काकाजी."

त्यांनी ट्रंकेवरच्या त्याच्या नावावरची धूळ पुसली. "पंगतीत बी असाच होता," म्हणाले. "सगळ्याइच्या ताटात पडल्याबिगर घास नाही घेये." मग माझ्याकडे पाहिलं. "अन् तू काय करून राहिला होता तिथं?"

"पान लावून देलं."

"हो, पत्रात होतं. दोस्त चांगला भेटला, पण पान लावता येत नाही म्हणे."

आम्ही दोघंही हसलो. आतून त्याची माय बाहेर येऊन पाहून गेली. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कोणी हसलं असावं. मले तिथंच झोपायला सांगितलं, विठ्ठलच्या जागेवर.

दुसऱ्या दिवशी पहाटे काकाजी पाटी उचलायला लागले. मी त्यांच्या हातून घेतली. वांग्यांची पाटी माझ्या डोक्यावर, मेथीच्या जुड्या त्यांच्या खांद्यावर, असे आम्ही मोर्णा नदीच्या पुलावरून बाजारात गेलो. शेजारच्या बाईनं विचारलं, "हा कोण जी?" काकाजी म्हणाले, "विठ्ठलचा दोस्त हाये." मी वांगे तोलायला घेतले.