परभणीहून आणलेली फाईल

सासूबाईंची नजर अधू झाली तशी त्यांना पोथी वाचून दाखवायचं काम माझ्याकडं आलं. मी घरूनच एका कंपनीचं काम करते, त्यामुळं रोज वेळ निघायचाच असं नाही. म्हणून मराठी मजकूर मोठ्यानं वाचणारा एक प्रोग्राम लॅपटॉपवर टाकायचं ठरवलं. तयार मिळणारा जुना होता, जोडाक्षरांपाशी अडखळायचा. नव्याचा सोर्स कोड उतरवून घरीच कंपाइल करायचा होता, म्हणजे त्या कोडमधून चालणारा प्रोग्राम बांधून घ्यायचा होता.

कंपाइल करायला लावलं आणि थोड्याच वेळात ते थांबलं. आवाजाशी संबंधित एक हेडर फाईल सापडत नाही, असा एरर आला. परत करून बघितलं, तोच एरर.

आदल्याच दिवशी नवऱ्यानं लॅपटॉपवर जागा करून दिली होती. मी तशीच खाली आमच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले.

"काय काय डिलिट केलंत तुमी? सिस्टिमची फाईल गेली!"

काउंटरवर दोन गिऱ्हाइकं उभी होती. हे नळाची तोटी हातात धरून माझ्याकडं बघत राहिले.

"मी तर नुसते जुने व्हिडिओ काढले गं."

"कळत न्हाई तर हात कशाला लावायचा?"

सिस्टिमच्या फोल्डरमधलं काही काढायला पासवर्ड लागतो आणि तो फक्त मला माहीत आहे. मी ओरडत होते तेव्हाही ही गोष्ट मला ठाऊक होती.

दुसऱ्या दिवशी दुकान शेजाऱ्याच्या भरवशावर टाकून हे सकाळच्या एसटीनं ती फाईल शोधायला परभणीला गेले. जाताना एररचा मोबाइलमध्ये फोटो काढून नेला.

दुपारी मी शांतपणे शोधलं. फाईल गेलीच नव्हती. ती कधी नव्हतीच. आवाज ऐकायला लागणारी तयार कोडची लायब्ररी लॅपटॉपवर होती, पण तिच्या आधारानं नवा प्रोग्राम बांधायचा तर तिच्यात काय काय आहे ते सांगणारी हेडर फाईल लागते, आणि ती वेगळ्या पॅकेजात येते. ते पॅकेज टाकलं आणि कंपाइल सुरळीत सुरू झालं.

ते चालू असतानाच हे आले. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. परभणीतल्या पहिल्या कॉम्प्युटरच्या दुकानदारानं हसून वाटेला लावलं, दुसऱ्यानं त्याच नावाची फाईल शोधून पेनड्राइव्हवर दिली होती.

"चालंल का बघ."

मी पेनड्राइव्ह लावला. काहीच कॉपी केलं नाही. थोड्या वेळानं लॅपटॉप पोथीची पहिली ओळ बोलला आणि सासूबाईंनी बसल्या जागी हात जोडले.

"चालली का गं फाईल?" ह्यांनी विचारलं.

"चालली," मी म्हणाले.

त्यांचा चेहरा इतका खुलला की पुढचं बोलणं मी गिळलं. मग ते गिऱ्हाइकांना सांगायला लागले, "माझ्याच हातानं बिघडलं होतं, मीच परभणीहून फाईल आणून दुरुस्त केलं." शेवटी एका दुपारी जेवताना मी सगळं सांगून टाकलं.

ते घास चावत राहिले.

"म्हंजे माझ्यानं कायच गेलं नव्हतं?"

"न्हाई."

"लय वाईट वाटलं होतं गं. गिऱ्हाइकासमोर बोललीस."

"चुकलं माझं," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि भाजी वाढून घेतली.

पोथी आता रोज वाचली जाते. सासूबाई खूश आहेत. हे मात्र लॅपटॉपवर गाणं लावायचं असलं तरी आधी मला हाक मारतात, "हात लावू का?" मी म्हणते, "लावा की." तरीही पुढच्या वेळी विचारतातच.