शमुकाकांनी सगळ्यांना विचारलं, तिलाच नाय

शमुकाका काल मेले आणि मला लई राग आलाय.

आई म्हणती, "मेले नको लिहू, गेले लिही."
गेले म्हणजे कुठं गेले, हाच तर सगळा लोचा व्हता.

ज्यांना म्हाईत नाय त्यांच्यासाठी: शमुवेलकाका. पिंपळवंडीत मोटार रिवाइंडिंगचं दुकान. शेजारी माझं मोबाईलचं.
बायको मार्थाकाकू लई वर्षांमागं वारल्या. लेकरूबाळ नाय.

मग चर्चमधे ओळख झाली रूथमावशींची. शिनोलीच्या. ब्लाऊज शिवतात. त्यांचे बी मालक वारलेले.

दर रविवारी उपासना झाली की मावशी डबा घेऊन दुकानावर यायच्या.
काका दोन स्टुलं बाहेर रोडला मांडायचे. आत नाय. "लोकांना दिसलं की लोक बोलत नाहीत."
पिंपळवंडीत! काय लॉजिक राव.

एकदा मी तोंडावरच विचारलं, "काका, लग्नाचा बार कधी उडवायचा?"

काका म्हनले, "पप्या, वर गेल्यावर मार्थानं विचारलं ही कोण, तर काय सांगू?"

मला वाटलं चेष्टा करतात. माणूस सिरीयस व्हता.

आधी काकांनी त्यांच्या चर्चच्या पाळकसाहेबांना विचारलं. मी बी गेलतो संगं.
साहेब म्हनले, "शमुवेल, शास्त्रात स्पष्ट आहे. पुनरुत्थान झाल्यावर लग्न नाही, काही नाही. सगळे देवदूतांसारखे. बिनधास्त करा."

मी म्हनलं सुटला प्रश्न. पेढे आणतो.

काका दोन दिवस तोंड पाडून बसले.
"म्हणजे मार्था पण तिथं माझी बायको नसणार? मग मी एवढी वर्षं कशाच्या आशेवर काढली?"

घ्या! वर लग्न असलं तरी वांदा, नसलं तरी वांदा.

मग पुण्यावरून एक पाळक पाहुणे आले, त्यांना धरलं. ते म्हनले, "नातं संपतं, प्रेम संपत नाही. तिथं सगळे एकमेकांना ओळखतील."

काका मला बाहेर येऊन म्हनतात, "ओळखणार? मग तर मेलोच."

यूट्यूबवर एक जण सांगत व्हता, खरं लग्न स्वर्गात बी कायम टिकतं.
काकांनी मोबाईलच स्विच ऑफ केला.

माझ्या आईला विचारलं! आमी हिंदू, आमचा काय संबंध?
आई म्हनली, "भावजी, आमच्यात सात जन्म हाच नवरा. तुमची निदान मेल्यावर तरी सुटका हाय."
पप्पा समोरच बसले व्हते.

शेवटी मीच नव्या सिमवरून फोन लावला. आवाज बदलून.
"हॅलो, शमुवेल का? स्वर्गातून बोलतोय. तुमच्या लग्नाला वरून परमिशन हाय."
"बरं बरं. देवदूता, माझा बारा नंबरचा पाना नेलायस तो आधी आणून दे."

असला हुशार माणूस. आणि ह्या एका गोष्टीत ठोंब्या.

दिवाळी झाल्यावर बघू. नाताळ होऊ दे. ईस्टर होऊ दे. पाऊस उघडू दे.
मी म्हनलं, काका, ती बाई हाय, पंचायतीची निवडणूक नाय पुढं ढकलायला.

एका रविवारी काका गिऱ्हाईकात व्हते. मावशींनी मला हळूच विचारलं, "पप्या, काय म्हनले का रे ते?"

मी म्हनलं, "मावशी, त्यांचं स्वर्गात काम अडकलंय."

हसल्या. मग म्हनल्या, "मला तर इथलंच विचारायचं व्हतं. सांजंला एकटीला जेवान जात नाय."

हे मी काकांना सांगितलं. शपथ सांगितलं.
काका तांब्याची तार गुंडाळत बसले. मग म्हनले, "बघू."

बघू!!

काल सकाळी मोटार बांधता बांधता तिथंच कलंडले. दवाखान्यात नेस्तोवर संपलं.

आज माती झाली. मार्थाकाकूंच्या शेजारीच.

पाळकसाहेब म्हनले, "नात्यातल्यांनी आधी मूठमाती द्यावी."

मावशी पार मागं, गेटपाशी. काकांच्या पुतण्यानं मला विचारलं, "त्या कोण?"
काय सांगणार? नवरा-बायको व्हायचं राहिलेली माणसं, त्यांना काय म्हनतात?

मी गेटकडं बघून ओरडलो, "काकू, पुढं या!"

आजपर्यंत मावशीच म्हनायचो. सगळे माना वळवून बघाय लागले. बघू द्या.

त्या आल्या. आधी मार्थाकाकूंच्या कबरीवरचा पाला हातानं बाजूला केला. म्हनल्या, "मार्थाबाई, येते बरं का."

मग मूठभर माती घेतली. काकांकडं बघून हळूच म्हनल्या, मी जवळ व्हतो म्हणून ऐकू आलं:

"तिथं कुणी कुणाचं नसतं म्हनं. नसू द्या. तुमी, मार्थाबाई, आमचे मालक, सगळी एकत्र बसा. मी आले की जरा सरकून जागा द्या."

आणि माती टाकली.

बास.
एवढंच उत्तर व्हतं, काका. एवढं सोपं.

दोन पाळकांना विचारलं. यूट्यूबला विचारलं. माझ्या आईला विचारलं.
ही बाई दर रविवारी तुमच्या समोर स्टुलावर बसत व्हती. हिला नाय विचारलं.

भावपूर्ण काय लिहू? बसलो लिहायला आणि सगळा रागच आला बाहेर.
तशीच घ्या श्रद्धांजली.

सलाम, शमुकाका.